इटलीची वाइन प्रांताप्रांतानं कशी ओळखावी: नवख्यांसाठी वाट

तोरिनोला, म्हणजे ट्युरिनला, शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मुलं पहिल्या महिन्याभरात मला हमखास विचारतात, "ताई, चांगली इटालियन वाइन कुठली घेऊ?" मी उलट विचारते, "तू राहतोस कुठे? आणि सुट्टीच्या दिवशी गाडीनं कुठवर जाऊन परत येऊ शकतोस?" त्यांना वाटतं मी विषय टाळतेय. पण माझं उत्तर याच प्रश्नात आहे.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. घरची थॉमसन द्राक्षाची बाग, त्यामुळे छाटणी, डिपिंग, ब्रिक्स हे शब्द लहानपणापासून कानावर पडलेले. द्राक्ष आपल्याला कळतं, या समजुतीत मी इटलीत आले. इथल्या सुपरमार्केटात वाइनच्या रांगेसमोर उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की एका बाटलीवर द्राक्षाचं नाव आहे, दुसरीवर गावाचं, तिसरीवर नुसतं मालकाचं आडनाव. पहिली दोन वर्षं मी किंमत आणि लेबलवरचं चित्र बघून बाटल्या घेतल्या. आज सिसिलीची, उद्या व्हेनेतोची. त्यातली एकही चव आज आठवत नाही. मग एका हिवाळ्यात ठरवलं की तीन महिने एकच प्रांत आणि त्यातली दोनच द्राक्षं प्यायची. तिथून पुढे सगळं उलगडत गेलं.

इटलीत 20 प्रांत आहेत आणि विसांच्या वीस प्रांतांत वाइन होते. लागवडीची परवानगी असलेल्या जातीच काही शे आहेत. सगळं चाखून मग मत बनवू म्हणाल तर जन्म पुरणार नाही. म्हणून ही पायऱ्यांची वाट.

काय काय जवळ असावं

- दोन सारखे ग्लास, पोट फुगीर आणि तोंड निमुळतं. महाग नकोत, पण दोन्ही एकसारखेच हवेत.
- साधा बूचकाढ्या. इथे त्याला काव्हातापी म्हणतात.
- छोटी वही. फोनमध्ये नुसते लेबलचे फोटो काढून ठेवाल तर पुन्हा उघडून बघणार नाही.
- ओळखपत्र. 18 वर्षांखालच्यांना दारू विकायला इथे बंदी आहे आणि चेहरा कोवळा असेल तर विचारतात.
- सेलरला, म्हणजे वाइन तयार होते त्या ठिकाणी, जाणार असाल तर बुकिंगचा ईमेल, पाण्याची बाटली आणि बाटल्या गुंडाळायला जुने स्वेटर.
- गाडी चालवणार असाल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना. पण त्या दिवशी शक्यतो चालवूच नका. कारण पुढे सांगते.

1. बाटलीच्या आधी प्रांत निवडा

राहता त्या प्रांतापासूनच सुरुवात करा. तोरिनोत असाल तर प्येमोंते, मिलानला असाल तर लोंबार्दिया, फिरेंझेला, म्हणजे फ्लोरेन्सला, असाल तर तोस्काना. याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. इथला माणूस आपल्या भागाची वाइन पितो, त्यामुळे कोपऱ्यावरच्या बारमध्येसुद्धा स्थानिक वाइन ताजी उघडलेली आणि वाजवी भावात मिळते. मिलानच्या बारमध्ये सिसिलीतल्या एटनाची वाइन ग्लासभर मागाल तर ती कधी उघडली होती याचा भरवसा नाही.

बारमध्ये एवढं म्हणा: "उन कालिचे दि रोस्सो देल्ला त्सोना", म्हणजे या भागातल्या लाल वाइनचा एक ग्लास. माझ्या अनुभवात या वाक्यानं जेवढी चांगली वाइन मिळाली, तेवढी यादी वाचून कधी मिळाली नाही.

नाशिक-सांगलीकडच्या वाचकांना एक गोष्ट लगेच पटेल. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशा दोन छाटण्या होतात, कारण आपला वेल झोपतच नाही. इथे थंडीत वेल पूर्ण विसावतो, त्यामुळे छाटणी एकदाच, हिवाळ्यात. प्येमोंतेतल्या आल्बाजवळच्या एका छोट्या सेलरमधल्या आजोबांना मी आपल्या दोन छाटण्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला आणि बोटं दाखवून विचारलं, "दोनदा? एका वर्षात?" मग मला बाहेर नेऊन नेब्बिओलो या इथल्या लाल वाइनच्या द्राक्षाची काडी दाखवली. या जातीचे बुडाकडचे पहिले दोन-तीन डोळे वांझ निघतात, घड पुढच्या डोळ्यांवर येतो, म्हणून काडी लांब राखावी लागते. वांझ फुटीची डोकेदुखी आमच्या अण्णांनाही ठाऊक आहे. त्या दिवशी मला इटालियन फारसं येत नव्हतं, पण त्या आजोबांचं बोलणं जवळजवळ सगळं कळलं.

2. लेबल वाचायला शिका

1963 साली इटलीनं वाइनच्या नावांचा कायदा केला. त्यातून आजची उतरंड आली. सगळ्यात वर डीओसीजी, मग डीओसी, मग आयजीटी आणि तळाशी नुसतं 'विनो'. डीओसी म्हणजे ठरलेल्या हद्दीत, ठरलेल्या जातींपासून, ठरलेल्या पद्धतीनं केलेली वाइन. आयजीटीला नियम सैल असतात, मुख्यतः प्रदेश ठरलेला असतो. डीओसीजीला तपासणी आणखी कडक असते. डीओसीजीच्या बाटलीच्या मानेवर किंवा बुचावर सरकारी टांकसाळीत छापलेली, क्रमांक असलेली कागदी पट्टी दिसते.

हे नियम किती खोलवर जातात ते एका आकड्यावरून बघा. बारोलो या प्येमोंतेच्या नामांकित लाल वाइनला हेक्टरी जास्तीत जास्त 8 टन द्राक्षं काढता येतात, म्हणजे एकरी साधारण 3.2 टन. साध्या डीओसी प्रोसेक्को या फेसाळ वाइनला हेक्टरी 18 टन, म्हणजे एकरी सव्वासात टनांच्या आसपास. आपल्याकडे खायच्या द्राक्षाचा एकरी उतारा ज्यांना माहीत आहे त्यांना 3.2 टन ऐकून धक्काच बसेल. त्यात बारोलोला सुगीनंतर किमान 38 महिने थांबावं लागतं, त्यातले 18 लाकडी पिंपात. बारोलो महाग का आणि प्रोसेक्को स्वस्त का, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

आता लेबलवरचे सापळे. यातल्या बहुतेकांत मी स्वतः अडकले आहे.

*मोन्तेपुल्चानो.* 'विनो नोबिले दि मोन्तेपुल्चानो' ही तोस्कानातल्या मोन्तेपुल्चानो गावची वाइन, आणि ती सान्जोवेझे द्राक्षाची. 'मोन्तेपुल्चानो दाब्रुत्सो' ही आब्रुत्सो प्रांतातली, मोन्तेपुल्चानो नावाच्या द्राक्षाची. पहिल्यात ते गाव, दुसऱ्यात ते द्राक्ष. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही.

*चेरासुओलो.* आब्रुत्सोची चेरासुओलो गुलाबी असते, सिसिलीतल्या वित्तोरियाची लाल.

*दोल्चेत्तो.* नावात 'दोल्चे' म्हणजे गोड आहे, पण वाइन कोरडी, अजिबात गोड नाही.

*एक्स्ट्रा ड्राय.* प्रोसेक्कोच्या बाटलीवर 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेलं असेल तर ती 'ब्रूत'पेक्षा गोड असते, आणि नुसतं 'ड्राय' त्याहूनही गोड. कोरडी हवी असेल तर 'ब्रूत' किंवा 'एक्स्ट्रा ब्रूत' बघा.

*क्लासिको, सुपेरिओरे, रिझेर्व्हा.* क्लासिको म्हणजे त्या भागाचा जुना, मूळ पट्टा. सुपेरिओरे म्हणजे नियमानं थोडी जास्त ताकदीची, कधी जास्त काळ मुरवलेली. रिझेर्व्हा म्हणजे आणखी मुरवलेली. रिझेर्व्हा तुम्हाला आवडेलच असं मुळीच नाही. नवख्या जिभेला ताजी, साधी वाइन जास्त बोलकी वाटते.

*कोन्तिएने सोल्फिती.* म्हणजे सल्फाइट आहेत. हे वाचून भेसळ आहे असं समजू नका. लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वर असले की लिहिणं बंधनकारक आहे, त्यामुळे जवळपास प्रत्येक बाटलीवर दिसतं. सल्फाइटचा खरोखर त्रास असलेल्यांनी मात्र जपावं.

आणि उतरंड म्हणजे चवीची गुणपत्रिका समजू नका. तोस्कानात काही मंडळींनी 1970च्या आसपास नियमाबाहेरची द्राक्षं आणि पद्धती वापरल्या. सास्सिकाया ही आज जगप्रसिद्ध असलेली वाइन कित्येक वर्षं कागदोपत्री सगळ्यात खालच्या वर्गात, म्हणजे 'टेबल वाइन' म्हणून विकली जात होती. तिथलीच दुसरी नावाजलेली वाइन, तिन्यानेल्लो, आजही आयजीटीच आहे.

3. एका वेळी दोन ग्लास, शेजारी शेजारी

एकटी वाइन प्यायलात तर "छान आहे" यापुढे काही सुचत नाही. दोन शेजारी ठेवल्या की जीभ आपोआप बोलू लागते. मी प्रत्येक नवख्याला पहिली जोडी हीच देते: बार्बेरा आणि नेब्बिओलो. दोन्ही प्येमोंतेच्या, दोन्ही लाल.

दोन्ही ग्लासांत दोन-दोन बोटं ओता. आधी नुसतं बघा. बार्बेरा जांभळासारखी गडद, नेब्बिओलो फिकी, कडेला विटकरी झाक असलेली, आरपार दिसणारी. बघणाऱ्याला वाटतं की गडद ती कडक आणि फिकी ती सौम्य. आता चाखा. बार्बेरा जिभेवर आंबटसर, रसाळ, कैरीची फोड खाल्ल्यावर सुटतं तसं तोंडाला पाणी सुटतं, आणि तुरटपणा जवळपास नाही. आता फिकी नेब्बिओलो. पहिल्या क्षणी गुलाबाचा वास येतो, मग मागून हलकासा डांबराचा, आणि घोट गिळल्यावर हिरड्या आवळून येतात. आवळा खाल्ल्यावर किंवा कोरा चहा फार उकळला गेल्यावर होतं तसं. हा तुरटपणा म्हणजेच टॅनिन. तो सालीतून आणि बियांतून येतो. रंगावरून ताकद ओळखता येत नाही हे एकदा या जोडीतून कळलं की पुन्हा कधी विसरत नाही.

वहीत प्रत्येक वाइनसाठी तीनच शब्द लिहा, आणि मराठीत लिहा. इथल्या पुस्तकांत रास्पबेरी, काळ्या मनुका, जंगली बोरं असे शब्द येतात. आपण लहानपणी ती खाल्लेलीच नसतात. करवंद, जांभूळ, आमसूल, ओली माती, लवंग, उन्हात वाळलेली चिंच हे वास आपल्या डोक्यात पक्के बसलेले आहेत. माझ्या वहीत एका जुन्या बारोलोपुढे 'अडकित्ता' लिहिलंय. दुसऱ्या कुणाला त्यातून काही कळणार नाही, पण मला आजीच्या पानाच्या डब्याचा तो वास तेव्हाही आला होता आणि आताही तो शब्द वाचला की येतो.

दोन घोटांच्या मध्ये पाणी आणि ग्रिस्सिनी, म्हणजे तोरिनोच्या त्या लांब कुरकुरीत काड्या. तापमानाकडे लक्ष द्या. लाल वाइन 16 ते 18 अंशांवर प्यायची असते. जुलैत घर 30 अंशांवर असतं, तेव्हा लाल बाटलीसुद्धा वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी 8 ते 12, फेसाळ त्याहून गार.

4. पहिला प्रांत नीट करा: प्येमोंते

तुमचा प्रांत वेगळा असेल तर हीच पद्धत तिथे लावा. मी माझ्याच प्रांताबद्दल खात्रीनं बोलू शकते.

क्रम असा ठेवा. पहिल्या महिन्यात रोजच्या वाइन: दोल्चेत्तो आणि बार्बेरा. बार्बेरात आस्तीची आणि आल्बाची अशा दोन शेजारी ठेवा. पांढऱ्यात रोएरोची आर्नेइस आणि कोर्तेसे द्राक्षाची गावी. हे सगळं इथल्या दुकानात 8 ते 15 युरोंत भागतं.

दुसऱ्या महिन्यात नेब्बिओलो, पण लगेच बारोलो नको. 'लांगे नेब्बिओलो' घ्या. द्राक्ष तेच, टेकड्या बहुतेकदा त्याच, मुरवणूक कमी आणि किंमत निम्म्याहून कमी. सुपरमार्केटातली अतिस्वस्त बारोलो घेऊन "बारोलोत काही विशेष नाही" म्हणणारे मला बरेच भेटले. त्याच पैशांत चांगल्या शेतकऱ्याची लांगे नेब्बिओलो शंभर पटीनं जास्त शिकवते.

तिसऱ्या महिन्यात बार्बारेस्को आणि बारोलो शेजारी शेजारी. दोन्ही पूर्ण नेब्बिओलोच्या. बार्बारेस्कोला 26 महिने थांबावं लागतं, बारोलोला 38. बारोलोच्या हद्दीत 11 गावं आहेत आणि त्यांतही जमीन बदलते. ला मोर्राच्या बाजूची वाइन सहसा मऊ आणि सुवासिक, सेर्रालुंगाची ताठ, कडक, वर्षानुवर्षं थांबायला लावणारी. लेबलवर गावाच्या किंवा शिवाराच्या तुकड्याचं नाव असेल तर ते वहीत नक्की टिपा. आपल्याकडे शेताला 'खळ्याचं', 'ओढ्याचं' अशी नावं असतात ना, तसंच हे. फरक इतकाच की इथे त्या नावांच्या हद्दी कायद्यानं आखून दिल्यात.

जायचं कसं? तोरिनोहून आल्बाला लोकल गाडी जाते. आल्बाहून खेड्यांच्या बस मोजक्या, रविवारी आणखी कमी. संपाचा दिवस आहे का तेही आदल्या दिवशी तपासा. इथे संप आधी जाहीर करून होतात. मी नवख्यांना थेट सेलरला न पाठवता आधी बार्बारेस्को गावातल्या प्रांतीय एनोतेकात पाठवते. ते सान दोनातो या जुन्या चर्चमध्ये आहे, आता तिथे प्रार्थना होत नाही. अनेक शेतकऱ्यांच्या बाटल्या एका छताखाली असतात आणि ग्लासानं चाखता येतात. तिथून दोन पावलांवर मनोरा आहे. वरून खाली तानारो नदी आणि चारी बाजूंना ओळीत लावलेले वेल दिसतात. याच गावात 1958 साली तिथल्या पाद्रीबाबांनी लहान शेतकऱ्यांना एकत्र आणून सहकारी सेलर सुरू केलं. ते आजही चालू आहे आणि त्याची वाइन नावाजलेली आहे. सहकाराच्या मुलखातून आलेल्या आपल्या माणसाला हे बघून बरं वाटतं.

आणि मोस्कातो दास्ती विसरू नका. जेमतेम 5 टक्के अल्कोहोल, गोडसर, हलके बुडबुडे. अण्णा इथे आले होते तेव्हा त्यांनी बारोलोचा एक घोट घेऊन ग्लास मुकाट्यानं माझ्याकडे सरकवला. मोस्कातोचा वास मात्र तीनदा घेतला आणि म्हणाले, "ह्याला द्राक्षाचा वास येतोय." खरंच आहे. बहुतेक वाइनना द्राक्ष सोडून बाकी सगळ्याचे वास येतात. मोस्कात कुळातल्या जातींची वाइनच द्राक्षासारखी लागते.

5. सेलरला जाताना

आधी वेळ घ्या. मी पहिल्यांदा न कळवता दुपारी एक वाजता पोचले आणि तीन वाजेपर्यंत बंद फाटकासमोर उन्हात बसले. लहान सेलरमध्ये वाइन दाखवणारा माणूसच सकाळी ट्रॅक्टरवर असतो. ईमेल दोन ओळींचा पुरतो: किती जण, कोणता दिवस, इंग्रजी चालेल का. "व्होर्रेई प्रेनोतारे उना देगुस्तात्सिओने" एवढं इटालियनमध्ये लिहिलंत तर उत्तर लवकर येतं.

चाखायचे पैसे लागतात. किती ते बुकिंग करतानाच विचारा, जागेप्रमाणे फार फरक पडतो. काही ठिकाणी बाटल्या घेतल्या की ते वळते करतात. घ्यायलाच हव्यात अशी सक्ती नसते, पण लहान शेतकऱ्याचा तास-दीड तास घेतला असेल तर एक-दोन बाटल्या घ्याव्यात, असं मला मनापासून वाटतं.

समोर भांडं ठेवतात ते थुंकायला. त्यात संकोच करू नका, तिथले जाणकार सगळे थुंकतात. पाच-सहा वाइन गिळत गेलात तर चौथीनंतर चव कळणं बंद होतं.

कधी जाऊ नये: सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत वेन्देम्मिया, म्हणजे तोडणी, कुणालाही वेळ नसतो. शरदात आल्बात पांढऱ्या ट्रफलची जत्रा असते, तेव्हा खोल्यांचे भाव चढतात. जानेवारीत बरीच ठिकाणं बंद. एप्रिल ते जून उत्तम. मेच्या शेवटच्या शनिवार-रविवारी देशभर 'कान्तिने आपेर्ते' असतं, त्यात भाग घेणारी सेलरं सगळ्यांसाठी उघडी असतात.

गाडीचं: रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम. वय 21च्या आत असेल किंवा परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर मर्यादा शून्य. एक ग्लासही नाही. चालवणारा न पिणारा ठरवूनच निघा, किंवा आल्बातच मुक्काम करा.

6. मग पुढचे प्रांत

एक प्रांत अंगात मुरला की पुढचे भराभर कळतात, कारण तुलनेला काहीतरी हाताशी असतं. दर वेळी मागच्या प्रांताची एक बाटली शेजारी ठेवा.

*व्हेनेतो.* इथे मला सगळ्यात जास्त रस वाटला तो आमारोनेत. वाल्पोलिचेल्लाच्या टेकड्यांतली कोर्व्हिना आणि तिच्या जोडीची द्राक्षं तोडून तीन-चार महिने हवेशीर माळ्यांवर सुकवतात, मग चिरडून आंबवतात. तासगावकडचं बेदाण्याचं शेड ज्यांनी पाहिलंय त्यांना ते माळे बघून घरी आल्यासारखं वाटेल. घड अर्धवट सुकतो, साखर एकवटते, वाइन दाट आणि 15 टक्क्यांच्या पुढे जाणारी होते. म्हणून पहिल्यांदा थोडीच प्या. आमारोनेचा उरलेला चोथा साध्या वाल्पोलिचेल्लात घालून पुन्हा आंबवतात ती 'रिपास्सो'. खिशाला परवडणारी ओळख तिच्यातून होते. पांढऱ्यात गार्गानेगा द्राक्षाची सोआवे. प्रोसेक्को इथली आणि शेजारच्या फ्रिउलीची. द्राक्षाचं नाव 2009 पासून अधिकृतपणे ग्लेरा आहे आणि 'प्रोसेक्को' हे नाव भागासाठी राखलंय. कोनेल्यानो-वाल्दोब्बियादेनेच्या उतारावरची घ्या, फरक जाणवतो.

*लोंबार्दिया.* फ्रांचाकोर्तात बुडबुडे बाटलीतच तयार होतात, प्रोसेक्कोसारखे टाकीत नाही. दोन्ही शेजारी ठेवून बघा. वर वाल्तेल्लिनाच्या दगडी पायऱ्यांवर पुन्हा नेब्बिओलोच आहे, पण तिथे तिला कियाव्हेन्नास्का म्हणतात.

*तोस्काना.* इथला राजा सान्जोवेझे. कियांती क्लासिकोत तो किमान 80 टक्के, आणि बाटलीवर काळा कोंबडा. साधी 'कियांती' आणि 'कियांती क्लासिको' ही दोन वेगळी नावं आहेत, दुकानात घाईत चूक होते. ब्रुनेल्लो दि मोन्ताल्चिनो शंभर टक्के सान्जोवेझे आणि सुगीनंतर पाचव्या वर्षी बाजारात येते. तिची धाकटी बहीण रोस्सो दि मोन्ताल्चिनो आधी घ्या. नेब्बिओलोनंतर सान्जोवेझे चाखली की दोघांतला आंबटपणा सारखा वाटतो. पण सान्जोवेझेचा तुरटपणा कमी टोकदार, आणि वासात चेरीबरोबर सुकलेला पाला.

*मध्य इटलीतली दोन नावं.* उंब्रियाची साग्रान्तिनो, तुरटपणात नेब्बिओलोलाही मागे टाकणारी. मार्केची वेर्दिक्किओ, माझी रोजची आवडती पांढरी. शेवटाला कडवट बदामाची चव.

*एमिलिया.* लांब्रुस्को म्हणजे स्वस्त गोड वाइन, ही समजूत सोडा. 'सेक्को' लिहिलेली, सोर्बारा किंवा ग्रास्पारोस्साची गार करून घ्या. आंबटसर, फेसाळ, लाल. तेलकट खाण्याबरोबर तिला तोड नाही. घरी बटाटेवड्याबरोबर घेतली तेव्हा सगळ्यांनी दुसरा ग्लास मागितला.

*दक्षिण.* लोक दक्षिणेला गडद आणि गोडसर वाइनचा मुलूख समजतात. पुल्याच्या प्रिमितिव्होमुळे ते काही अंशी खरंही आहे. जनुकीय तपासणीत ती आणि कॅलिफोर्नियाची झिनफांदेल एकच निघाली. पण काम्पानियाची आल्यानिको चाखा. त्याच द्राक्षाच्या ताउराझीची बाटली बारोलोच्या शेजारी ठेवली की तुरटपणात ती कुठेही कमी पडत नाही. तिथलीच फियानो आणि ग्रेको दि तुफो या पांढऱ्या वाइन जागेवरून हलू देत नाहीत.

आणि एटना. धुमसत्या ज्वालामुखीच्या उतारावर, काही ठिकाणी 1000 मीटरच्या आसपास, काळ्या राखेत नेरेल्लो मास्कालेझेचे जुने वेल आहेत. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीनं युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून जवळपास सगळीकडे अमेरिकन खुंटावर कलम करतात. आपण डॉगरिज खुंट वापरतो, तोही अमेरिकन जातीचाच. एटनाच्या रेताड ज्वालामुखी मातीत मात्र किडीचं फारसं चाललं नाही, म्हणून काही वेल आजही स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. वाइन फिकी, सुवासिक, काहीशी नेब्बिओलोच्या वळणाची. डोळे बंद करून द्या, सिसिलीची आहे असं कुणी म्हणणार नाही.

सार्देन्या, फ्रिउली, आल्तो आदिजे यांचा क्रम तुमच्या प्रवासाप्रमाणे लावा. आल्तो आदिजेत लेबल जर्मनमध्ये दिसलं तर गोंधळू नका, तिथली बोली तीच आहे.

7. जेवणाबरोबर, आणि शाकाहारी असाल तर

वाइन त्या प्रांताच्या जेवणाबरोबरच उमगते. नेब्बिओलोचा आवळ्यासारखा तुरटपणा लोणी-चीजबरोबर मऊ पडतो. शाकाहारी मंडळींनी प्येमोंतेत दोन गोष्टी जपाव्यात. बान्या काउदा भाज्यांबरोबर येते म्हणून निर्धास्त मागवाल, तर त्यात अँचोव्ही मासा असतो. आन्योलोत्ती देल प्लिन दिसायला करंजीसारखी, आत मांस. "सेन्झा कार्ने" एवढंच म्हणालात तर मासा येऊ शकतो. "सेन्झा कार्ने ए सेन्झा पेशे" असं पूर्ण म्हणा. लोणी-सेजची पानं घातलेली ताजारीन मागवा, पण तिच्या पिठात अंडं असतं हे लक्षात असू द्या. वाइन निवळायला काही जण अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात. काटेकोर असाल तर 'वेगन' लिहिलेली बाटली घ्या.

आपल्या तिखट जेवणाबरोबर बारोलो उघडू नका. तिखटानं तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जास्त बोचतात. मिसळीबरोबर मोस्कातो किंवा गार लांब्रुस्को.

8. बाटल्या घरी आणि भारतात नेताना

घरी बूच असलेल्या बाटल्या आडव्या ठेवा, अंधारात, स्वयंपाकघरापासून लांब. रोजच्यासाठी 'विनो स्फूझो'ची दुकानं शोधा, तिथे आपली बाटली नेऊन लिटरवर वाइन भरून मिळते.

भारतात नेताना प्रौढ प्रवाशाला 2 लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय नेता येते. इथे हिशेब चुकतो: 750 मिलिलिटरच्या तीन बाटल्या म्हणजे सव्वादोन लिटर, मर्यादेबाहेर. दोन पूर्ण बाटल्या आणि एक 375ची अर्धी, असं बसवा. निघण्याआधी चालू नियम पुन्हा बघा. वाटेत विमान बदलणार असाल तर ड्युटी फ्रीच्या पिशवीवर भिस्त ठेवू नका, चेक-इन बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून, प्रत्येक बाटली वेगळ्या पिशवीत, बॅगेच्या मधोमध ठेवा. अर्धी बाटली घ्यायचीच तर पासितोची घ्या, पान्तेल्लेरिया बेटाची. सुकवलेल्या झिबिब्बो द्राक्षांची गोड वाइन, जेवणानंतर दोन घोट पुरतात, त्यामुळे 375 मिलिलिटर घरातल्या सगळ्यांना पुरते. मोस्कातो दास्ती नेणार असाल तर चालू वर्षाचीच घ्या आणि पोचल्यावर ठेवून देऊ नका. ती मुरत नाही, शिळी होते. अण्णांसाठी नेलेली एक बाटली घरच्यांनी दिवाळीसाठी म्हणून दोन वर्षं कपाटात जपली, आणि उघडली तेव्हा तो द्राक्षाचा वास गेलेला होता.